मिठातली गोगलगाय

नव्या वर्षाचा पहिला तास प्राणिशास्त्राच्या ओव्हाळ मॅडमनी कधी पुस्तकानं सुरू केल्याचं मला आठवत नाही. त्या वर्गात यायच्या, पर्स टेबलावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "कोणाकोणाच्या रानात गोगलगायी झाल्यात?" आमच्या भागात हा प्रश्न म्हणजे जखमेवरची खपली काढणंच. गेली काही वर्षं पाऊस पडला की शंखी गोगलगायी कुठून येतात कळत नाही आणि सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त करतात. सगळ्या वर्गाचे हात वर जायचे. "मंग काय करता त्यांचं?" मॅडम विचारायच्या. "मीऽऽठ!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधावर टाकायची, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत सोडायच्या, हे आमच्याकडच्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ.

मग मॅडम पर्समधून रुमालाची एक पुरचुंडी काढायच्या. आत ब्लाउजपीसच्या उरलेल्या चिंध्यांपासून शिवलेलं बोटभर काहीतरी असायचं. अंग पांढरं, त्यावर जांभळे ठिपके, कडेनं नारंगी काठ, डोक्यावर दोन शिंगं आणि पाठीच्या टोकाला रेशमी दोऱ्याचा तुरा. "ही बी गोगलगायच हाय. हिला शंख न्हाई. आन् ही राहती कुठं, ठाऊक हाय का? मिठात." यावर जो गलका व्हायचा तो मला भिंतीपलीकडे ऐकू यायचा, कारण माझा वर्ग शेजारीच. मी तिकडे इतिहासाच्या तासाला बिचाऱ्या निजामाला हैदराबादेत वेढून ठेवलेलं असायचं आणि माझी मुलं कान लावून गोगलगाय ऐकत असायची. आमचं कनिष्ठ महाविद्यालय चौसाळ्यापासून जरा आत आहे. इथून समुद्र एका अख्ख्या रात्रीच्या प्रवासावर. तरीही आमच्या गावात समुद्री गोगलगायीबद्दल जेवढी माहिती आहे, तेवढी किनाऱ्यावरच्या गावांतही नसेल, अशी माझी खात्री आहे.

पहिल्यांदा मी त्यांना पाहिलं ते जांभळ्या साडीत, आणि शेवटपर्यंत बहुतेक वेळा तशाच रंगांत पाहिलं. जांभळी साडी, नारंगी काठ; नाहीतर पिवळी साडी, निळा काठ. ठेंगणा बांधा, जाड भिंगांचा चष्मा आणि चालणं इतकं संथ की घंटा झाल्यावर निघाल्या तर वर्गात पोचेपर्यंत हजेरीची वेळ टळायची. घाई करायला सांगितलं की म्हणायच्या, "ती बी घाई करत न्हाई सर, तरी तिचं काही अडलं न्हाई." ती म्हणजे कोण, हे विचारायची सोय नव्हती.

त्यांचे यजमान पाटबंधारे खात्यात होते, ते लवकर गेले. त्यानंतर वर्षभर मॅडम पांढुरक्या, करड्या साड्या नेसत होत्या म्हणे. मग एका आंबेडकर जयंतीला जांभळी साडी नेसून आल्या आणि पुन्हा करड्या रंगाकडे वळल्या नाहीत. आमच्या स्टाफरूममधल्या एका ज्येष्ठ गुरुजींना हे फार खटकायचं. एकदा चहा पिता पिता ते म्हणाले, "मॅडम, या वयात एवढे भडक रंग?" मॅडमनी बशी खाली ठेवली. "सर, शंख असता तं मी बी मातकट राहिले असते. ज्याला शंख न्हाई त्यानं काय करावं? माझी गोगलगाय उघड्या अंगानं फिरती. पर रंग असा लेवून फिरती, की मासा तोंड लावायला भेतो. रंग म्हंजे नटणं न्हाई, दम देणं हाय." गुरुजींनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि पुन्हा साडीचा विषय काढला नाही. मला मात्र ते बोलणं लागलं. एकट्या बाईनं दोन मुलं वाढवून, लिंबागणेशहून रोज ये-जा करून नोकरी केली, त्यात किती माशांना तिनं असा दम दिला असेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

या गोगलगायीशी त्यांची ओळख झाली ती तेव्हाच्या औरंगाबादला शिकत असताना. सगळा वर्ग कोकणात सहलीला गेला होता. लिंबागणेशची ही मुलगी पहिल्यांदाच समुद्र बघत होती. बाकीचे लाटांकडे धावले आणि ही खडकांतल्या पाण्याच्या डबक्यापाशी बसली, कारण तेवढंच पाणी तिच्या ओळखीचं होतं. त्या डबक्यात तुरीच्या शेंगेएवढी, जांभळ्या ठिपक्यांची, नारंगी काठाची ती चालली होती. "मला वाटलं कोणाचं कानातलं पडलंय. उचलाया गेले तं चालाया लागलं!" इतक्यात सरांनी हाक मारली, ही उठून गेली, आणि परत आली तेव्हा भरतीनं डबकं बुडवलं होतं. पुढे नोकरीत लागल्यावर त्यांनी तीन-चार वेळा मुलांना घेऊन किनारा गाठला. तपकिरी, हिरवट, काळपट अशा इतर जातींच्या गोगलगायी सापडल्या, पण ही नाही. "सगळं गाव भेटलं सर, जिला भेटाया गेलते ती तेवढी भेटली न्हाई," असं त्या म्हणायच्या. हसत म्हणायच्या, पण ते नुसतं हसणं नव्हतं.

निवृत्तीच्या वर्षी त्यांनी शेवटची सहल काढायचं ठरवलं. गुडघे बोलायला लागले होते, पुन्हा खडकांवर चढणं व्हायचं नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. प्राचार्यांनी दोन अटी घातल्या. एक, सहलीत गणपतीचं दर्शन हवं. दोन, रिकाम्या हातानं यायचं नाही, प्रयोगशाळेसाठी नमुना आणायचा. मॅडम म्हणाल्या, "दर्शन कवाबी घ्या, गणपती जागचा हालत न्हाई. ओहोटी मात्र माझ्यासाठी थांबायची न्हाई." अशा रीतीनं अमावस्येची मोठी ओहोटी साधून सहल ठरली. मुली आहेत म्हणजे सोबत एक पुरुष शिक्षक हवा, म्हणून माझी वर्णी लागली. मला पाण्याचं वावडं आहे आणि बसमध्ये मळमळतं, पण मॅडमला नाही म्हणायची आमच्याकडे कुणाची छाती नव्हती. नमुन्याची काचेची बरणी आणि फॉर्मॅलिनची बाटली माझ्या स्वाधीन झाली. मी म्हटलं, "माझ्या विषयातली माणसं आधीच मेलेली असतात मॅडम, बरण्यांची सवय नाही मला."

खरी लढाई पालकांशी होती. मनीषा नावाची एक मुलगी होती, अबोल, पण मन लावून शिकणारी. मूळची दिंद्रुडकडची. आई-वडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे, म्हणून ती चौसाळ्याला मामाकडे राहायची. मामा सहलीला पाठवायला तयार होईना. मॅडम मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या.

"पोरगी बुडली-बिडली तं तिच्या बापाला काय सांगू मी?" मामा म्हणाला.

"गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं करणार हाय मी तिला. तुमच्या हिरीत जास्त पाणी आसल."

"आमच्या हिरीत तेवढं बी न्हाई," मामा म्हणाला, आणि स्वतःच हसला. तिथेच परवानगी मिळाली. दारात निरोप द्यायला आलेली मामी पोरीला बजावत होती, मान खाली घालून नीट जा, नीट ये. मॅडम वळल्या. "आक्का, मान खाली घालायची ती फक्त समुद्रावर, खडकात बगायला. बाकी ठिकाणी पोरीची मान वरच ऱ्हाऊ द्या." हे वाक्य पुढे आमच्या मुलींमध्ये इतकं चाललं, की कुणी मान खाली घालून बसलेली दिसली की दुसरी विचारायची, "का गं, समुद्र आला का?"

किनारा रत्नागिरीच्या अलीकडच्या एका लहान गावचा, काळ्या खडकांचा. आम्ही पोचलो तेव्हा पाणी चांगलंच ओसरलं होतं आणि खडकाखडकांत डबकी चमकत होती. इतकं पाणी एका जागी बघून आमच्या मुली आधी काठालाच थबकल्या. मग एकीनं बोट बुडवून चाखलं आणि किंचाळली, "मॅडम, खरंच खारट हाय की!" सगळ्या हसल्या. मनीषा तेवढी हसली नाही. ती पाण्याकडे बघत बाजूला उभी होती. मी विचारलं, काय झालं गं? ती म्हणाली, "सर, आमच्या रानात गोगलगायी वेचायचं काम माझ्याकडंच हाय. मिठाच्या बादलीत टाकल्या की त्यांचा आवाज येतो. बारीक. फेस सुटतो. पीक वाचवायचं म्हून टाकाव्या लागत्यात, पर मला न्हाई बगवत."  मी तिला म्हटलं, जा, मॅडमबरोबर शोध.

मॅडम कंबरेत वाकून एकेक डबकं बघत होत्या. पदर खोचलेला, चपला हातात, पायात जुने मोजे. खडकांवर कालवं काढणाऱ्या बायकांनी त्यांना विचारलं की काय हरवलं. मॅडम म्हणाल्या, "गोगलगाय." त्या बायका एकमेकींकडे बघून पुन्हा कामाला लागल्या. मी बरणी मांडीवर घेऊन एका कोरड्या खडकावर बसलो होतो. बराच वेळ गेला. तपकिरी गोगलगाय सापडली, मुलींनी गर्दी करून पाहिली. लांबवर पाणी परत फिरल्याचं मला इथूनही दिसत होतं. मॅडम माझ्या शेजारी येऊन टेकल्या आणि गुडघे चोळत म्हणाल्या, "चालायचंच सर. तिनं काय मला आवतन दिलं नव्हतं." चष्मा काढून पदरानं पुसायला लागल्या. भिंगं स्वच्छ होती, तरी बराच वेळ पुसत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात मनीषा खडकांवरून धावत आली. त्या मुलीला इतक्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "मॅडम, घावली! तुमची घावली! वाचवली मी तिला!" तिच्या हातात तिची पाण्याची बाटली होती, रुंद तोंडाची. मॅडमनी चष्मा चढवला. बाटलीच्या तळाशी पांढरा गोळा, जांभळे ठिपके, नारंगी काठ. इतकी वर्षं चिंध्यांची बघितलेली ती खरीखुरी समोर होती, आणि मॅडमचा चेहरा असा उजळला की मी बरणी बाजूला ठेवून उठलोच. पण क्षणभरच. ती हलत नव्हती. शिंगं आत, तुरा आत, अंग फुगून गोल झालेलं.

"मनीषा, पाणी कोणतं हाय हे?"

"माझ्या प्यायचं, मॅडम. गोडं. अर्धं राखून ठिवलं होतं, सगळं हिला टाकलं." तिचा चेहरा नुसता फुलला होता. "लई खारट डबकं होतं ते. मेली असती ना ती मिठात."

 आमच्या बीड जिल्ह्यातल्या पोरीनंच करावी अशी ती चूक होती. मिठानं मरणाऱ्या गोगलगायी जिनं रोज बघितल्या, तिनं आपल्या वाटणीचं पिण्याचं पाणी ओतून एका गोगलगायीला मिठातून सोडवलं होतं. मागून एक हुशार पोरगी म्हणाली, "आगं येडे, समुद्रातली हाय ती!" आणि मनीषाच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम उतरलं. तिनं बाटलीकडे पाहिलं, मग मॅडमकडे. मला वाटलं, संपलंच आता. मी हळूच म्हणालो, "मॅडम, गेलीच असेल तर बरणीत..."

"आजून गेली न्हाई ती. तुमी कावून घाई करता?" मॅडम माझ्यावर ओरडल्या. आयुष्यात एकदाच ओरडल्या. मग मनीषाच्या खांद्यावर हात ठेवून अगदी हळू म्हणाल्या, "कुठून घेतली दाखव. तिथंच सोडू."

ते डबकं समुद्राच्या बाजूला होतं. निम्म्या वाटेवर लाटांचं पाणी पायांत यायला लागलं होतं. मॅडम तिथे बसल्या, साडी भिजली, त्याचं भान नव्हतं. मला वाटलं, आता त्या बाटली घेतील. त्यांनी घेतली नाही. "सोड," त्या म्हणाल्या.

मनीषानं बाटली छातीशी धरली. "मॅडम, मिठात?"

"मिठातच. तिचं घर हाय ते."

"माझ्यानं न्हाई व्हणार. तुमी सोडा ना."

"मी सोडली तं तुज्या मनात राहील, की तू मारली. तूच सोड. माझा हात धर."

चेंगटपणाबद्दल बोलणी खाणारी ती बाई त्या क्षणी एक पळही वाया घालवत नव्हती, पण पोरीला ढकलतही नव्हती. मनीषानं एका हातानं मॅडमचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं बाटली पाण्याशी नेऊन हळूच कलती केली आणि त्या गोळ्याला डबक्यात सोडलं. सोडताना तिनं डोळे मिटले होते, कान खांद्यात घातले होते. मला कळलं, ती आवाजाची वाट बघत होती.

गोळा तळाशी जाऊन पडला. आम्ही सगळे त्या एवढ्याशा पाण्यात डोळे घालून उभे. वर रस्त्यावर बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. एक लाट डबक्याच्या कडेवरून आत आली. मी म्हणालो, "मॅडम, पाणी चढतंय." त्या म्हणाल्या, "चढू द्या." दुसरी लाट आली. मग त्या पांढऱ्या अंगाला बारीकशी वळी पडली. एक शिंग बाहेर आलं, दुसरं आलं. आणि सगळ्यात शेवटी पाठीवरचा तुरा उमलला. मला दुसरा शब्द सापडत नाही, उमललाच. नारंगी काठ खडकाला टेकवत ती चालायला लागली, आपल्या गतीनं, जणू काही झालंच नाही.

मनीषानं डोळे उघडले होते. ती वाकून, पाण्याला नाक लागेल इतकी वाकून बघत होती. "मॅडम," ती म्हणाली, "फेस न्हाई आला."

ओव्हाळ मॅडम पाण्यात बसल्या बसल्या रडायला लागल्या आणि हसायलाही. पोरीला जवळ ओढून म्हणाल्या, "न्हाई आला, माय. न्हाई आला." माझ्याही डोळ्यांत पाणी होतं. मी ते वाऱ्यावर ढकललं.

परतीच्या बसमध्ये मनीषा मॅडमच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. मॅडमची ओली साडी अंगावरच वाळली होती आणि त्यावर मिठाचे पांढरे ओघळ उमटले होते. मी विचारलं, इतक्या वर्षांनी भेटली एकदाची, पोटभर बघितली का? त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "कुठं सर? मी ह्या पोरीच्या तोंडाकडंच बगत होते. तुरा निगाला ते बी मला हिच्या तोंडावरून कळलं." मग म्हणाल्या, "पर लई झालं. पोट भरलं माझं." खोटं बोलणारा माणूस इतक्या शांतपणे झोपी जात नाही, आणि त्या पुढच्या वळणावर झोपी गेल्या.

प्राचार्यांना रिकामी बरणी बघून राग आला. मॅडमनी ती बरणी घासूनपुसून प्रयोगशाळेच्या फळीवर बेडूक आणि तारामाशाच्या मधोमध ठेवली. बाकीच्या बरण्यांना जशा चिठ्ठ्या आहेत तशी हिलाही चिकटवली, आणि उन्हाळ्यात निवृत्त होऊन लिंबागणेशला घरी गेल्या. कधीमधी फोन करायच्या. "बरणी हाय का जागेवर?" एवढंच विचारायच्या.

गेल्या वर्षी त्या गेल्या, फार आजारी न पडता. पुण्यानुमोदनाला आम्ही सगळे गेलो होतो. बुद्धवंदना झाली, मग ज्यांना बोलायचं ते बोलले. मनीषा आली होती. आता ती नर्सिंग करते. जांभळा ड्रेस घालून आली होती, त्यावर कुणाच्या तरी भुवया उंचावल्या, पण तिची मान वरच होती. तिला बोलायला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "औषध देयाच्या आधी मी पेशंटला लई प्रश्न इचारते. बाकीच्या पोरी कंटाळत्यात. मॅडम आसत्या तं कंटाळल्या नसत्या." आणि खाली बसली.

यंदा प्राणिशास्त्राला नवे सर आले आहेत. चांगला पोरगा आहे. प्रयोगशाळा झाडताना त्यांनी ती बरणी माझ्याकडे आणली आणि टाकून देऊ का म्हणून विचारलं. मी ती त्यांच्या हातून घेतली आणि स्वतः फळीवर ठेवून आलो. दर वर्षी नवी मुलं बरण्या बघत बघत तिच्यापाशी अडतात. मॅडमच्या अक्षरातली चिठ्ठी मोठ्यानं वाचतात: "समुद्री गोगलगाय. ही आपल्या घरी आहे." मग बरणी हलवून बघतात आणि मला गाठून विचारतात, "सर, हिच्यात तं काहीच न्हाई!"

"कसं असेल?" मी म्हणतो. "ती जिवंत आहे."

मी इतिहास शिकवतो. हे वाक्य म्हणायला मला एरवी कुठे मिळतं?